जुना एअर कॉम्प्रेसर घेताना: आधी टाकी, मग घड्याळ, भाव शेवटी

जुन्या कॉम्प्रेसरच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक असतात: किती एचपी, किती लिटर आणि ‘चालू कंडिशन’. यातल्या एकीवरूनही यंत्र घ्यावं की नाही हे ठरत नाही. एचपीच्या स्टिकरवर काहीही छापता येतं, आणि चालू कंडिशन म्हणजे बटण दाबल्यावर मोटर फिरते एवढंच. ठरवणाऱ्या गोष्टी दोन. टाकीचा पत्रा आतून किती शिल्लक आहे, आणि पंप ती टाकी किती सेकंदांत भरतो. मोटर, स्विच, व्हॉल्व्ह, पट्टा, अगदी पंपसुद्धा बदलता येतो. आतून गंजलेली टाकी मात्र कुणी दुरुस्त करून देत नाही, आणि ‘देतो’ म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नये.

हवा कशाला लागणार, ते आधी

गॅरेजमधली कामं दोन प्रकारची असतात. चाकात हवा भरणं, धूळ उडवणं, खिळे मारणं, इम्पॅक्ट गनने चाकाचे नट सोडवणं ही झटक्यांची कामं. काही सेकंद हवा लागते, मग उसंत मिळते. सँडर चालवणं, डाय ग्राइंडर फिरवणं, स्प्रे गनने दार किंवा बॉनेट रंगवणं ही सलग कामं. त्यात मिनिटामागून मिनिट हवा जातच राहते.

झटक्याच्या कामाला टाकी मोठी असली की निभतं. सलग कामाला टाकीचा आधार एक-दोन मिनिटांचा. पुढे पंप जेवढी हवा देईल तेवढीच गनमधून येणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून ‘३०० लिटरची टाकी आहे, रंगकाम आरामात होईल’ हे वाक्य ऐकलं की पंपाकडे बघा.

अंदाजासाठी काही आकडे. ६ बारला, म्हणजे साधारण ९० पीएसआयला, अर्धा इंची इम्पॅक्ट गन थांबत थांबत वापरली तर सरासरी ४ ते ५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) खाते. खिळे मारायची छोटी गन १ सीएफएमच्या आत भागवते. गोल सँडर ८ ते १२ सीएफएम मागतो. एचव्हीएलपी जातीच्या, म्हणजे कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या स्प्रे गनला ८ ते १४ लागतात, तर कमी हवेवर चालणाऱ्या एलव्हीएलपी गनला ३ ते ५ पुरतात. पंपाकडून खऱ्या एका एचपीला ३ ते ४ सीएफएम मिळतात, त्याहून फारसं जास्त नाही. याचा अर्थ २ एचपीचा चांगला कॉम्प्रेसर ६ ते ८ सीएफएम देईल. चाकं, फुंकणी, इम्पॅक्ट गन आणि अधूनमधून एलव्हीएलपी गनने एखादा भाग रंगवणं, इतकं घरच्या गॅरेजला पुष्कळ झालं. रोज सँडर चालवायचा असेल तर ३ एचपीच्या खाली बघूच नका.

जाहिरातीतला सीएफएम बहुतेक वेळा पिस्टनने सरकवलेल्या जागेचा हिशेब असतो, प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या हवेचा नव्हे. ६५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ५० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), दोन सिलिंडर आणि ८०० आरपीएम असं धरलं तर मिनिटाला साधारण २६५ लिटर, म्हणजे ९.४ सीएफएम येतात. टाकीत त्यातले ६० ते ७५ टक्केच पोचतात. हे फसवणुकीत मोडत नाही, पण विचारताना ‘एफएडी किती?’ असं विचारा. एफएडी म्हणजे खरोखर बाहेर पडणारी हवा. विक्रेत्याला हा शब्द माहीत नसेल तरी बिघडत नाही, पुढे घड्याळ लावून आपणच तो आकडा काढणार आहोत.

यंत्राची जात

घरच्या गॅरेजसाठी सगळ्यात समजूतदार जुनी खरेदी म्हणजे पट्ट्यावर चालणारा, तेल घालायचा, बिडाच्या सिलिंडरचा पंप. तो ६०० ते १००० आरपीएमने फिरतो, कमी तापतो आणि त्याच्या रिंगा, व्हॉल्व्हची पाती, बेअरिंगं बदलून मिळतात.

तेल न लागणारे, मोटरला थेट जोडलेले छोटे कॉम्प्रेसर हलके असतात, पण जुने घेण्यात राम नाही. त्यांच्या पिस्टनवर टेफ्लॉनची रिंग असते. ती झिजतच जाते, आणि किती झिजली हे बाहेरून दिसत नाही. आवाजही डोकं उठवणारा. अपवाद दवाखान्यातल्या शांत जातीचा. तो हवेला स्वच्छ असतो, पण इम्पॅक्ट गनला पुरत नाही.

दोन सिलिंडर दिसले की लोक ‘टू स्टेज’, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा, म्हणून मोकळे होतात. दोन्ही सिलिंडर सारख्या मापाचे असतील तर तो सिंगल स्टेजच आहे. खऱ्या टू स्टेजमध्ये एक सिलिंडर मोठा, दुसरा स्पष्ट लहान आणि मध्ये पंखांची किंवा लांब वळणाची थंड करणारी नळी असते. ७-८ बारच्या पुढे, १०-१२ बारपर्यंत दाब हवा असेल तर त्याला अर्थ आहे. चाकं आणि गनसाठी सिंगल स्टेज पुरतो.

फ्रिजचा कॉम्प्रेसर गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर बसवलेलं जुगाड स्वस्तात दिसेल. त्या सिलिंडरला खाली पाणी काढायची वाट नसते, आणि जोड कुणी व कसा वेल्ड केला ते कळायला मार्ग नसतो. त्याच्यावर वेळ घालवू नका. कारखान्यातून निघालेला स्क्रू कॉम्प्रेसरही घरासाठी नको. त्याचं तेल, सेपरेटर आणि थ्री फेज वीज यांचं गणित वेगळं असतं.

यंत्र कुठून निघालंय हे विचारणं फायद्याचं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर दिवसभर चालू-बंद होत असतो, त्याची पाती आणि दाब बघून मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच थकलेले असतात. सुतारकामाच्या जागेतल्या यंत्राच्या फिल्टरमधून भुसा आत गेलेला असतो. कुणाच्या घरी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला पंप नव्यासारखा असतो, पण टाकीत पाणी तसंच साठून राहिल्यामुळे सगळ्यात वाईट टाकी बऱ्याचदा त्याचीच निघते.

निघण्यापूर्वी

फोनवर एकच अट घाला: यंत्र थंड आणि टाकी रिकामी असू दे. गेल्यावर हेडला, म्हणजे पंपाच्या सिलिंडरवरच्या झाकणाला हात लावून बघा. ते गरम असेल आणि काटा ७ बारवर असेल तर सुरू होतानाची कुरकुर तुमच्यापासून लपवली गेली. अशा वेळी हवा सोडून, अर्धा तास थांबून मगच तपासणी करा. थ्री फेज की सिंगल फेज हेही फोनवरच विचारा, आणि टाकीवरच्या प्लेटचा व तळाच्या ड्रेन कॉकचा (साठलेलं पाणी काढायच्या तोटीचा) फोटो मागवा. तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर कारण उघड आहे.

सोबत न्यायचं सामान फार नाही: टॉर्च, छोटा हातोडा, पान्यांचा जोड, साबणाच्या पाण्याची बाटली, पांढरा कागद, मोजपट्टी, हातमोजे, चष्मा, ० ते १२ बारचा खात्रीचा गेज आणि मोबाईल. मोबाईलला जोडायचा नळीवाला कॅमेरा मिळाला तर फारच छान.

टाकी

इथे घाई नको. टाकी का गंजते ते एका हिशेबात कळतं. ३० अंश तापमानाला दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २० ग्रॅम पाण्याची वाफ असते. मिनिटाला २०० लिटर ओढणारा पंप तासाभरात १२ घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे अडीचशे ग्रॅमच्या आसपास पाणी. तीच हवा ८ बारला दाबून थंड झाली की तिच्यात जेमतेम चाळीस ग्रॅम वाफ मावते. उरलेलं पेलाभर पाणी टाकीच्या पोटात, नेमकं सगळ्यात खाली. ज्याने आठवडोन्आठवडे कॉक उघडला नाही त्याच्या टाकीचा तळ त्या पाण्यात भिजत पडलेला असतो. गंज आतून येतो, त्यामुळे बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो.

आधी प्लेट शोधा. वेल्ड केलेल्या किंवा रिव्हेट मारलेल्या प्लेटवर कमाल कामाचा दाब, टेस्ट प्रेशर, लिटर, अनुक्रमांक आणि बनवल्याचं वर्ष असतं. प्लेट नसलेली किंवा घासून काढलेली टाकी घेऊ नये. काही देशांत ठरावीक मापापुढच्या टाकीला ठरावीक काळाने तपासणीचा दाखला लागतो. तसा नियम तुमच्याकडे असेल तर दाखलाही मागा.

आता गेज शून्यावर आहे याची खात्री करून तळाचा कॉक हळूहळू उघडा. थोडं गढूळ, पिवळसर पाणी येणं साहजिक आहे. चहासारखं लालभडक पाणी, त्यात गंजाच्या खपल्या आणि तळहातावर उरणारी रेती आली तर आत पत्रा सुटायला लागलाय. पाणी अजिबातच आलं नाही आणि कॉक जाम असेल तर त्याहून वाईट समजा: भोक खपल्यांनी बुजलंय. टाकी पूर्ण रिकामी असताना कॉकच खोलून काढा, करंगळी आत घालून कडेचा पत्रा चाचपा आणि कॅमेरा आत सोडा. लालसर पातळ थर चालतो. फोडांसारखे उंचवटे, खड्डे, पदर सुटल्यासारखा पत्रा चालत नाही.

त्यानंतर हातोडी. रिकाम्या टाकीवरच, दाब असताना कधीही नाही. कुशीवर हलकेच ठोका, मग तसंच ठोकत तळापर्यंत या. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. तळाशी तो बद्द झाला किंवा रंगाखाली काहीतरी चुरल्यासारखं लागलं तर थांबा. हातोडीने वाईट टाकी कळते, पण टाकी चांगलीच असल्याची ग्वाही तिच्याकडून मिळत नाही. पत्र्याची जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक यंत्र कुठे मिळालं तर त्याने कुशीवर आणि तळावर, दोन्हीकडे मोजा. लहान टाक्यांचा पत्रा मुळातच ३-४ मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. कुशीला ३ आणि तळाला २.२ आलं तर प्रश्न संपला.

बाहेरून बघायच्या जागा: मोटर आणि पंपाची बैठक टाकीला जिथे वेल्ड केली आहे ती रेघ, आणि पायांची वेल्डिंग. कंपनामुळे तडे तिथेच जातात. रंगात केसासारखी भेग, तिच्याभोवती गंजाचा ओघळ किंवा तेलकट धूळ दिसली की नखाने खरवडून पाहा. टाकीच्या अंगावर नंतर मारलेला वेल्डिंगचा ठिपका, पितळी झाळकाम, एपॉक्सीचा गोळा यांतलं काहीही आढळलं तर किंमत विचारायचीसुद्धा नाही. पत्रा एका ठिकाणी भोक पडण्याइतका गेला असेल तर शेजारीही तो तितकाच गेलेला असतो. वेल्डर फक्त दिसलेलं भोक बुजवतो.

नुकताच रंग मारलेली टाकी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा असू शकतो. रंगाचा राग नको, पण तळाला, कॉकच्या आट्यांवर आणि प्लेटवरसुद्धा ब्रश फिरलेला असेल तर तपासणी दुपटीने करा.

टाकी मोठी असेल किंवा शंका उरली असेल तर हायड्रो टेस्ट करून घ्यायची अट घालून व्यवहार करा. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, आतली हवा पूर्ण काढून, हातपंपाने प्लेटवर लिहिलेल्या टेस्ट प्रेशरपर्यंत दाब नेतात. हा दाब साधारण कामाच्या दाबाच्या १.३ ते १.५ पट असतो. पाणी दबत नाही, त्यामुळे टाकी फाटली तर चीर पडून पाणी गळतं. हवा भरून हीच चाचणी केली तर तिच्यात साठलेली सगळी ताकद एका क्षणात सुटते आणि पत्र्याचे तुकडे उडतात. ‘हवेने १५ बारला टेस्ट करून दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या जागेतून बाहेर पडा.

बंद यंत्रावर

प्लग काढून हातात घ्या. प्रेशर स्विच आपोआप सुरू होणारा असतो, तेव्हा फ्लायव्हीलला हात लावण्याआधी प्लग बाहेर हवाच.

फ्लायव्हील हाताने फिरवा. प्रत्येक सिलिंडरची दाबाची पाळी आली की हाताला अडकल्यासारखं होतं आणि मग सुटतं. दोन सिलिंडरच्या पंपात एका फेरीत दोनदा असं व्हायला हवं. एकच अडकण जाणवली तर एक सिलिंडर कामातून गेलाय. नंतर फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. वर-खाली टकटक लागली तर मुख्य बेअरिंग गेलंय. पट्टा काढता आला तर ही तपासणी अधिक नेमकी होते.

तेलाची काच बघा. स्वच्छ मधासारखं तेल उत्तम, काळं पण एकजीव तेल म्हणजे नुसता कंटाळा. दुधाळ तेलात पाणी मिसळलंय. बोटावर चोळल्यावर चंदेरी चमक दिसली तर बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड झिजतोय, पंपाची किंमत शून्य धरा. एअर फिल्टरचं झाकण उघडून आत भुसा, रंगाची धूळ आहे का पाहा. फिल्टरच नसेल तर सिलिंडरवर ओरखडे गृहीत धरून चला.

चालू करून, घड्याळ लावून

कानाला बोळे, डोळ्यांना चष्मा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट मारलेला असेल तर यंत्र सुरूच करू देऊ नका.

१. स्वतःचा गेज बाहेरच्या कपलिंगला जोडा. ड्रेन कॉक बंद करून शून्यापासून सुरू करा. पट्ट्याच्या यंत्रात फ्लायव्हीलच्या आऱ्यांनी हवा सिलिंडरवर फेकली पाहिजे. उलटं फिरत असेल तर पंप तापून मरतो. थ्री फेजमध्ये दोन वायरी उलटवून हे सुधारतं.

२. आवाज ऐका. प्रत्येक फेरीला खोल ‘ठक’ येत असेल तर रॉड किंवा बेअरिंग. वरच्या बाजूने हलकी, खडखडती टिकटिक म्हणजे व्हॉल्व्हची पाती. सुरू होताना आणि थांबतानाच खटका बसत असेल तर फ्लायव्हील किंवा पुलीची चावी सैल आहे, हे काम किरकोळ.

३. काटा ४ बारवर आला की घड्याळ सुरू, ७ बारवर बंद. टाकीचे लिटर गुणिले ३, भागिले लागलेली मिनिटं, हे उत्तर मिनिटाला किती लिटर हवा आली ते सांगतं. त्याला २८.३ ने भागलं की सीएफएम. १०० लिटरच्या टाकीला दीड मिनिट लागलं तर १०० × ३ ÷ १.५ म्हणजे २०० लिटर, साधारण ७ सीएफएम. ताजी हवा गरम असल्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा फुगतो, तेवढी सूट धरा. लिटर लिहिलेले नसतील तर मोजपट्टी काढा: ३५ सेंटिमीटर व्यास आणि १ मीटर लांबी म्हणजे जवळपास ९६ लिटर. टाकीत पाणी साठलेलं असेल तर ती लवकर भरते, म्हणून आधी ती रिकामी केलेली असणं महत्त्वाचं.

४. भरत असताना फिल्टरच्या तोंडाशी तळहात धरा. हवा फक्त आत ओढली गेली पाहिजे. फुस्स करून हाताकडे परत येत असेल तर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं पातं मोडलंय किंवा त्याखाली कार्बन अडकलाय. तेल भरायच्या झाकणाच्या श्वासनळीतून जोराचा फुत्कार आणि तेलाचा धूर येत असेल तर रिंगा गेल्यात. ३-४ बारनंतर काटा हलायचंच नाव घेत नसेल तर कारण या दोघांपैकीच एक, नाहीतर मग हेडचं गॅस्केट.

५. यंत्र स्वतःहून बंद झालं पाहिजे, साधारण ८ बारला, किंवा प्लेटवरच्या कमाल दाबाच्या आत जिथे स्विच लावलाय तिथे. बंद होताच एक-दोन सेकंदांचा ‘फुस्स’ आवाज हवा. पंप आणि टाकी यांमधल्या नळीतली हवा अनलोडर सोडून देतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर हलकी सुरू होते. हा फुस्स थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडावरचा एनआरव्ही, म्हणजे हवा उलटी पंपाकडे येऊ न देणारा व्हॉल्व्ह गळतोय. फुस्स झालाच नाही तर अनलोडर बंद पडलाय. दोन्ही भाग स्वस्त आहेत. मात्र अनलोडर बिघडलेल्या अवस्थेत महिनोन्महिने चालवलेल्या यंत्राची मोटर आणि कपॅसिटर मार खाऊन बसलेले असतात.

६. प्लग काढा, पंधरा मिनिटं गेजकडे बघत बसू नका, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. हवा थंड होताना काटा थोडा उतरतो, तेवढं माफ. त्यानंतरही उतरत राहिला तर फेस कुठे येतोय ते शोधा. आट्यांमधून आला तर टेफ्लॉन टेपने भागतं. टाकीच्या वेल्डिंगवर एक जरी बुडबुडा दिसला तरी टेप, बोलणी, सगळं तिथेच संपलं.

७. आता हवा सोडून काटा खाली आणा आणि यंत्राला दाबावरच पुन्हा सुरू होऊ द्या. ही चाचणी विक्रेते सहसा दाखवत नाहीत. रिकाम्या टाकीवर मरतुकडी मोटरही फिरते. ५.५-६ बारवर जी गुणगुणत अडकते, दिवे मंद करते किंवा एमसीबी पाडते, तिचा सुरुवातीचा कपॅसिटर, आतला सेंट्रिफ्युगल स्विच किंवा वाइंडिंग कमजोर असतं. दोष कधीकधी त्या घराच्या बारीक एक्स्टेन्शन वायरचाही असतो, तेव्हा शक्य असेल तर थेट जाड वायरच्या सॉकेटवर लावून बघा.

८. शेवटी फुंकणी उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं सलग चालवा. काटा एका जागी स्थिरावेल. तिथे तुमच्या गनला लागणारा दाब मिळतोय का पाहा. फुंकणीसमोर पांढरा कागद अर्धा मिनिट धरा. ओलसरपणा चालेल, तेलाचे पिवळे थेंब नकोत. तेल उडवणारा पंप चाकांना चालतो, रंगकामाला नाही, कारण रंगात फिश आयचे खड्डे पडतात. मोटरला जळक्या वार्निशचा वास येतोय का, हेही याच वेळी कळतं.

टू स्टेज यंत्रात दोन सिलिंडरांच्या मधल्या नळीवर एक छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो चालताना फटफट उडत असेल तर लहान सिलिंडरची पाती गळतायत.

वीज

खोटा एचपी पकडायला मोटरची प्लेट वाचा. २३० व्होल्टवर १० अँपिअर घेणारी सिंगल फेज मोटर २ एचपीच्या आसपास असते. स्टिकरवर ३ एचपी लिहिलं म्हणून ती ३ होत नाही. सुरू होताना मोटर क्षणभर चालू प्रवाहाच्या पाच-सात पट ओढते, म्हणून तिला स्वतंत्र लाइन आणि असा क्षणिक झटका सोसणारा सी कर्व्हचा एमसीबी द्या. २ एचपीला २.५ चौरस मिलिमीटर आणि ३ एचपीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ठीक, अंतर लांब असेल तर एक माप वर. गाडीपर्यंत पोचायला वायर लांबवू नका, हवेची नळी लांबवा.

थ्री फेज यंत्र स्वस्तात मिळतं ते याचमुळे की घरी ते कुणाला चालत नाही. त्याची मोटर बदलून सिंगल फेज बसवता येते, तो खर्च भावात धरा. व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं, वेग बदलता येणारं यंत्र लावायचं तर मोटर डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालणारी हवी. शिवाय वेग फार कमी करता येत नाही, कारण रॉडच्या टोकाचा चमचा तेल उडवूनच पंपाला वंगण मिळतं.

भाव

आता घासाघीस. प्रेशर स्विच, गेज, एनआरव्ही, ड्रेन कॉक, पट्टा, फिल्टर हे सगळे स्वस्त भाग. यांतले दोष विक्रेत्याला मोजून दाखवावेत आणि यंत्र खुशाल घ्यावं. पाती आणि रिंगा मधल्या खर्चाच्या, पण तुमच्या पंपाचे सुटे भाग मिळतात का हे व्यवहाराआधी दुकानात विचारा. मोटर रिवाइंड होते, त्यासाठी भाव चांगलाच खाली यायला हवा. क्रँक, रॉड किंवा बेअरिंग गेलेलं असेल तर फक्त टाकी आणि मोटरचा भाव द्या. टाकीच गेलेली असेल तर उरतो भंगाराचा भाव, आणि भंगार तुम्हाला नकोय. सगळं ठीक असतानाही नव्याच्या निम्म्याच्या वर जाण्यात अर्थ दिसत नाही, कारण नव्याला हमी असते आणि टाकीचा इतिहास कोरा असतो.

घरी आणताना आणि आणल्यावर

दाब शून्य करूनच उचला. वजन वरच्या बाजूला असतं, त्यामुळे यंत्र चटकन कलंडतं. फ्लायव्हील, जाळी किंवा नळी धरून उचलू नका, टाकीचे पाय आणि बैठक धरा. आडवं टाकून नेलं तर तेल श्वासनळीतून हेडमध्ये जातं, म्हणून उभंच बांधा.

पहिल्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह नवा लावा, जुना कितीही बरा दिसला तरी. तो स्विचच्या बंद होण्याच्या दाबापेक्षा किंचित वर, पण प्लेटवरच्या कमाल दाबाच्या आत उडणारा हवा. तेल काढून कॉम्प्रेसरचंच तेल भरा, यंत्राच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं. बहुतेक पिस्टन पंपांना आयएसओ व्हीजी १०० चालतं. गाडीचं इंजिन ऑइल टाकू नका. त्यातली डिटर्जंटं कचरा आणि ओल तेलातच तरंगत ठेवतात, आणि गरम पात्यांवर कार्बन जमतो. पहिले पन्नासेक तास चालवून ते तेलही बदला. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला की ताण बरोबर. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवून, पायांखाली रबराचे पॅड घालून बसवा. पाय जमिनीला घट्ट बोल्टने आवळले की कंपन टाकीच्या वेल्डिंगवर येतं.

भिंतीवरून लाइन फिरवायची तर पीव्हीसी पाइप वापरू नका, दाबाखाली तो काचेसारखा फुटतो. जीआय, तांबं किंवा अॅल्युमिनियम वापरा, आणि टाकीपासून पहिला तुकडा लवचीक नळीचा ठेवा. पाणी पकडणारा फिल्टर टाकीला चिकटून लावला तर तिथली हवा अजून गरम असते, वाफ तशीच पुढे जाते. तो काही मीटर पुढे बसवा. इम्पॅक्ट गनला १० मिलिमीटर आतल्या मापाची नळी द्या. गनला जोर नाही म्हणून नवी गन घेतली जाते, आणि दोष ६ मिलिमीटरच्या नळीचा निघतो.

राहिला ड्रेन कॉक. तो टाकीच्या पोटाखाली असतो, तिथे वाकायचा कंटाळा येतो, म्हणून तो उघडला जात नाही, आणि म्हणूनच बाजारात इतक्या टाक्या तळातून गेलेल्या दिसतात. कॉक काढून त्या जागी एल्बो, टाकीच्या दाबाला चालणारी दीड-दोन फुटांची नळी आणि टोकाला बॉल व्हॉल्व्ह लावा, टोक चाकांच्या बाहेर येईल असं. वीस मिनिटांचं काम आहे. मग दिवे बंद करून जाताना पायाजवळचा तो व्हॉल्व्ह उघडला की पाणी जातं.